ब्रूनोची गोळी

आमच्या सोसायटीत दर तीन महिन्यांनी एक सोहळा असतो. तळमजल्यावरचे नेनेकाका ब्रूनोला जंताची गोळी देतात. ब्रूनो लॅब्राडॉर आहे, वजन ३२ किलो, स्वभाव सरकारी; काही खायला घातल्याखेरीज जागचा हलत नाही. गोळी हाडाच्या आकाराची, मांसाच्या वासाची. काकांनी खोक्याला हात लावला की ब्रूनोची शेपटी सुरू. गोळी चावतो, फरशी चाटतो आणि दुसरीसाठी पंजा पुढे करतो. "आमच्या दोन्ही मुलांनी मिळून कधी एवढ्या आनंदानं औषध घेतलं नाही हो," काका म्हणतात. मुलं आता अमेरिकेत आहेत. ब्रूनो इथेच आहे.

परवा लिफ्टची वाट बघता बघता त्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. तीन औषधांचं मिश्रण, त्यातलं एक प्राझिक्वांटेल. लिफ्ट आली आणि गेली, मी तिथेच.

कारण हेच औषध आफ्रिकेत कोट्यवधी माणसांना देतात, शिस्टोसोमियासिससाठी. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून सुटलेली अळी पाण्यात डुंबणाऱ्या पोराच्या कातडीतून आत शिरते, मोठी होते, मूत्राशयाभोवतीच्या नाहीतर आतड्याभोवतीच्या शिरांत जोडीनं संसार थाटते आणि वर्षानुवर्षं अंडी घालत बसते. पोराच्या लघवीतून रक्त जातं. औषध जर्मनीतल्या बायर आणि मर्क या कंपन्यांनी १९७०च्या दशकात काढलेलं, कामाला चोख. फक्त गोळी मोठी आणि कडूजहर. शाळेतली मुलं कशीबशी गिळायची. त्याहून लहानांसाठी वेगळं काही नव्हतंच. गोळी फोडा, कुटा, कशात तरी कालवा आणि पोराचे हातपाय धरा. लहानग्यांना घेता येईल अशी विरघळणारी गोळी युरोपच्या औषध नियामकानं पसंत केली ती २०२३च्या डिसेंबरात. ब्रूनोच्या जिभेचा विचार त्याच्या कितीतरी आधी झालेला होता.

आफ्रिका लांब आहे म्हणून सुस्कारा सोडणाऱ्यांसाठी एक पत्ता देतो: गिमवी, जिल्हा रत्नागिरी. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी हा आजार तिथे असल्याचं दाखवून दिलं. भारतात तो इतका विरळा की त्यावर लिहिणाऱ्या वैद्यकीच्या पुस्तकांत गिमवीचं नाव येतं. कोकण पर्यटनाच्या पत्रकात शोधलं, तिथे अर्थातच नाही.

या असल्या रोगांना एक गोत्र आहे. 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग'. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असे वीसेक आहेत. 'दुर्लक्षित' हा शब्द ज्यानं निवडला त्याला व्याकरणाचं पारितोषिक द्यायला हवं. कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत जातो, असं आम्हाला शाळेत छडी दाखवून शिकवलं होतं. रामाने रावण मारला. इथे कर्ता कुठल्याच विभक्तीत नाही. रोग दुर्लक्षित झाले. कोणी केले? कोणी नाही, आपोआप. पुण्यात रस्ता खचतो तसे. शिवाय दरवर्षी ३० जानेवारीला त्यांचा जागतिक दिन असतो. ज्याच्याकडे वर्षभर बघायचं नाही त्याला एक दिन देऊन टाकायचा, ही रीत मराठी भाषेमुळे आपल्या परिचयाची आहेच.

हिशेब एकदाच सांगतो, आकडे फार झाले की वाचक शब्दकोड्याकडे वळतो. १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगाच्या बाजारात १३९३ नवी औषधं आली. त्यात उष्णकटिबंधातले रोग आणि क्षय, हे सगळं मिळून वाट्याला आली १६. बाकीची टक्कल, रक्तदाब, नैराश्य आणि अंथरुणातल्या पुरुषार्थाच्या सेवेत रुजू झाली.

मग या गरिबांच्या रोगांना औषधं मिळतात तरी कुठून? थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याला मिळतात तिथूनच. आधी दुसऱ्या कोणासाठी तरी शिवलेली असतात. त्याला आखूड झाली, नको झाली, की मग यांच्या अंगावर.

एफ्लोर्निथिनची गोष्ट ऐका. आफ्रिकेत त्से-त्से माशी चावून निद्रारोग होतो. परोपजीवी आधी रक्तात, मग मेंदूत. माणूस दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो, बरळतो, घरच्यांच्या अंगावर धावतो आणि शेवटी बेशुद्धीत जातो. मेंदूत शिरल्यावर उपाय एकच होता, १९४९पासूनचा: मेलार्सोप्रोल. म्हणजे आर्सेनिक. म्हणजे जुन्या नाटकांतला सोमल. शिरेतून जाताना विस्तव ओतल्यासारखं होई. ते ज्या द्रवात कालवलेलं असे तो प्लास्टिकची सिरिंज विरघळवून टाकी, म्हणून काचेच्या सिरिंजा जपून ठेवाव्या लागत. आणि वीस रोग्यांमागे एक रोगानं नव्हे तर औषधानंच जाई. डॉक्टर तरीही ते टोचत, कारण न टोचलं तर विसातले वीस जाणार होते.

मग १९८०च्या दशकात कळलं की कर्करोगासाठी शोधलेलं आणि तिथे फारसं न चाललेलं एफ्लोर्निथिन या रोगावर चालतं. बेशुद्ध माणसं उठून बसायला लागली. 'पुनरुत्थानाचं औषध' असं बायबली नावही पडलं. १९९०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीनं उत्पादन थांबवलं. उठून बसणाऱ्यांच्या खिशात काही नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट दुःखद आहे, पण नवलाची नाही. नवल पुढे आहे. २०००मध्ये तेच एफ्लोर्निथिन पुन्हा प्रकटलं, मलम होऊन. ते लावल्यानं स्त्रियांच्या ओठांवरची लव मंदावते, असं आढळलं होतं. झालं! औषध पुन्हा बनू लागलं, सुबक नळीत भरलं जाऊ लागलं, जाहिराती आल्या. डॉक्टरांच्या संघटनांनी आरडाओरडा केला: मिशीसाठी बनवताच आहात तर थोडं मेंदूसाठीही बनवा. जनाची नाही तरी वर्तमानपत्रांची वाटली असावी. २००१मध्ये कंपनी आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार होऊन इंजेक्शनं फुकट मिळू लागली. काँगोतल्या कितीतरी जिवांनी न्यूयॉर्कमधल्या अनोळखी बायांच्या मिशीचे आभार मानायला हवेत. मी तर म्हणतो, वैद्यकशास्त्राच्या इतिहासात जेनरच्या गाईशेजारी त्या मिशीचीही तसबीर लावावी.

फुकट मिळालेलं ते इंजेक्शन तरी कसं? दर सहा तासांनी सलाईनमधून, चौदा दिवस. एकूण ५६ वेळा. आपल्याकडच्या तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता सलाईन बदलून घेऊन बघा, मग जंगलातल्या दवाखान्याची कल्पना करा. २००९मध्ये दुसऱ्या एका औषधाच्या जोडीनं ५६चे १४ झाले. खरी सुटका झाली ती गोळ्यांनी. जिनिव्हात २००३मध्ये डीएनडीआय नावाची ना नफा तत्त्वावरची संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत आपली आयसीएमआरही आहे. या लोकांनी कंपन्यांची जुनी कपाटं उघडून बघायला सुरुवात केली. हेक्स्ट या जर्मन कंपनीनं काढून १९८०च्या दशकात वाऱ्यावर सोडलेलं फेक्सिनिडाझोल त्यांना तिथे सापडलं. २०१८च्या अखेरीस ते मान्य झालं. दहा दिवस गोळ्या, जेवणाबरोबर, घरच्या घरी. जवळजवळ पाव शतक लोकांना सोमल टोचला जात होता, आणि गोळीचं सूत्र कपाटात होतं. कपाटाला कुलूपही नसेल. उघडणारा नव्हता.

शास्त्रज्ञ आळशी आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. जंत मारणं खरोखरच अवघड. बॅक्टेरिया आपल्यापासून इतका वेगळा की त्याची भिंत पाडली तरी आपल्या घराला तडा जात नाही. हे परोपजीवी मात्र आपल्यासारख्याच घडणीच्या पेशींचे; त्यांना मारायला जावं तर घाव आपल्यालाही बसतो. मेंदूतल्यांना गाठायचं तर मेंदूभोवतीचा पहारा चुकवावा लागतो. वर औषधाकडून अपेक्षा म्हणजे वधूवर सूचक मंडळातली स्थळाची जाहिरात: तोंडानं घेता यावं, फ्रिज नको, तान्ह्यांना आणि गरोदर बाईला चालावं, एका खेपेत काम व्हावं, स्वभावानं गरीब, आणि हुंडा तर राहोच, फुकट असावं.

गंमत म्हणजे असं स्थळ निद्रारोगाला आता दिसतं आहे. अकोझिबोरोल. तीन गोळ्या, एकदाच, विषय संपला. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास बरे झाले. हे बोरॉनचं रसायन ज्या अमेरिकी कंपनीच्या संग्रहातून निघालं, तिचं बाजारात आलेलं पहिलं औषध होतं पायाच्या नखांच्या बुरशीवरचं. मिशीवरून आपण नखापर्यंत आलो, याला प्रगती म्हणतात.

आता आयव्हरमेक्टिन. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी इतो गावाजवळच्या गोल्फ मैदानाकडची माती १९७०च्या दशकात उचलली. तीतला सूक्ष्मजीव अमेरिकेतल्या मर्ककडे गेला. (मघाची मर्क जर्मनीतली. दोघी एकाच घरातल्या, पहिल्या महायुद्धात वेगळ्या झालेल्या. भाऊबंदकी तिकडेही असते.) त्यातून निघालेलं औषध १९८१मध्ये बाजारात आलं ते गाई, मेंढ्या, घोडे यांच्यासाठी. तुफान चाललं. कंपनीतल्या विल्यम कॅम्बेल यांच्या ध्यानात आलं की घोड्यांच्या जंताचा एक चुलतभाऊ आफ्रिकेतल्या नदीकाठच्या माणसांना आंधळं करतो. औषध लागू पडलं. आता प्रश्न आला किमतीचा. गिऱ्हाईक असं की किंमत लावायची सोयच नाही, आणि त्याच्या वतीनं पैसे मोजायलाही कोणी पुढे येईना. १९८७मध्ये मर्कनं जाहीर केलं: लागेल तितकं, लागेल तोवर, फुकट. हे दान मोठं आहे, मी टोपी काढतो. २०१५मध्ये ओमुरा आणि कॅम्बेल यांना नोबेल मिळालं, तेही रास्त. फक्त टोपी हातात असताना एक शंका येते. गाईंना जंत झालेच नसते तर?

पुढचा अंक आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. २०२१चा मे महिना. गोवा सरकारनं जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला पाच दिवस आयव्हरमेक्टिन देणार, करोना होऊ नये म्हणून. जागतिक आरोग्य संघटना नको नको म्हणत होती. पुढे अमेरिकेत माणसं घोड्यांसाठीची पेस्ट विकत घेऊन खाऊ लागली, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाला जनतेला कळवावं लागलं की तुम्ही घोडे नाही आहात. ज्यांना जंत होते त्यांच्यासाठी ज्या औषधाला किंमत लावता आली नव्हती, ते जंत नसलेल्यांनी वाटेल ती किंमत मोजून संपवलं.

त्याच मे महिन्यातली दुसरी आठवण. माझ्या मित्राच्या वडिलांना म्युकरमायकोसिस झाला. आम्ही सहा जण तीन दिवस पाच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच इंजेक्शनच्या मागे. लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. तिसऱ्या दिवशी रिक्षावालासुद्धा न अडखळता ते नाव घ्यायला लागला होता. हेच इंजेक्शन बिहारमध्ये काळाआजाराच्या रोग्याला एकदाच देतात आणि तो घरी जातो. मूळचं बुरशीचंच औषध. काळाआजारानं ते उसनं घेतलेलं. काळाआजाराची तऱ्हाच तशी, उसनवारीवर जगण्याची. त्याआधीची गोळी मिल्टेफोसिन ही जर्मनीत स्तनाच्या कर्करोगासाठी काढलेली.

या मिल्टेफोसिनवरून एक खास अमेरिकी करामत आठवली. २००७मध्ये तिथे कायदा झाला: दुर्लक्षित रोगावर नवं औषध मान्य करून घेणाऱ्या कंपनीला एक पास मिळेल. तो दाखवला की तिच्या दुसऱ्या कुठल्याही औषधाची तपासणी दहाऐवजी सहा महिन्यांत. पास विकताही येतो. पंढरपुरात वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्याला थेट गाभाऱ्याचा पास द्यावा आणि त्यानं तो महाद्वारात एखाद्या बिल्डरला विकावा, तसं. मिल्टेफोसिनच्या चाचण्या बिहारच्या रोग्यांवर झाल्या, भारतात ते २००२मध्ये मान्यही झालं. बारा वर्षांनी एका कॅनडातल्या कंपनीनं, जिनं ते शोधलं नव्हतं, ते अमेरिकेत मान्य करून घेतलं, पास मिळवला आणि त्याच वर्षी १२.५ कोटी डॉलरना विकला. वारकरी जेवला की नाही, हे बघायची अट कायद्यात नव्हती.

या गर्दीत कोलकात्याचे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी वेगळे पडतात. १९२०च्या सुमारास, कॅम्बेल रुग्णालयातली एक लहानशी खोली. नळ नाही, गॅस नाही, रात्री रॉकेलचा दिवा. तिथे त्यांनी काळाआजारावर युरिया स्टिबामाइन बनवलं, काळाआजारासाठीच, ज्यांना तो झाला होता त्यांच्यात बसून. हजारोंचे जीव वाचले. नोबेलसाठी नाव सुचवलं गेलं, मिळालं नाही. बरोबर आहे. त्यांनी ते आधी घोड्यासाठी शोधायला हवं होतं.

नारूचं तर विचारूच नका. त्याच्यावर औषध कधी निघालंच नाही, त्यामुळे कोणाची वाटही बघावी लागली नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी फडक्यानं गाळलं. १९९६मध्ये शेवटचा रोगी, २०००मध्ये देश नारूमुक्त. फडक्याचं पेटंट घेता येत नाही म्हणून गवगवा कमी झाला.

आणि मग आहे हत्तीरोग, जो आपल्या विदर्भात घरचा आहे. डास चावतो, लसिकावाहिन्यांत जंत वाढतात, पाय सुजतो तो सुजतोच. जंताची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना लोकांच्या बोटांतून रक्त घ्यायला रात्री नऊनंतर दारं ठोठावावी लागतात. लोक कुत्रं सोडतात. २०१९ साली नागपुरात तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली: १९४०च्या दशकातलं डीईसी, गुरामेंढ्यांकडून आलेलं अल्बेंडाझोल आणि घोड्यांकडून आलेलं आयव्हरमेक्टिन. पिल्लांचा फडशा पडतो, म्हातारे जंत मात्र चिवट. त्या जातीच्या जंतांतल्या म्हाताऱ्यांना मारण्यासाठी एमोडेप्साइड नावाचं औषध सध्या माणसांवर तपासलं जातंय. आत्तापर्यंत ते कोणाला देत असत, हे आता वाचकानं ओळखलं असेल. मांजरांना. मानेवर थेंब टाकतात.

मागच्या मोहिमेच्या वेळी मी नागपुरात महालात मावशीकडे होतो. आशाताई आल्या, बरोबर उंचीच्या खुणा केलेली काठी, कारण आयव्हरमेक्टिन उंचीवर मोजून देतात.

"मावशी, जरा ताठ उभ्या राहा."

"काहून? पोलिसात भरती करून राह्यली का?"

"हत्तीपायाच्या गोळ्या आहेत."

"मले कुठं हत्तीपाय झाला? पाय पाह्य माये."

"होऊ नये म्हणून."

"मंग ठेव तिथं, जेवल्यावर घेते."

"जेवण झालंय तुमचं. समोरच घ्यायच्या असतात."

आशाताईंचा आवाज शांत होता. मागच्या वर्षीच्या गोळ्या तुळशीवृंदावनात सापडल्याचं त्यांना ठाऊक असावं. मी मधे पडलो. जागतिक आरोग्य संघटना, ओमुरा, नोबेल, सगळं सांगून पाहिलं. मावशी काठीकडे बघत राहिली. शेवटी तोंडातून निघून गेलं, "अगं, ही बारकी गोळी कुत्र्यांनासुद्धा देतात."

आशाताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मोहीम बुडालीच.

"कुत्र्यायले?" मावशी म्हणाली. पुण्याला आली की ती ब्रूनोला बघते. त्याचा डॉक्टर गाडी घेऊन घरी येतो, त्याच्या तपासणीची तारीख काकांच्या मोबाइलवर वाजते. मावशीच्या रक्तदाबाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते आणि निघून जाते. "त्या नेन्याच्या ब्रूनोले देते तसली?"

"तसलीच समज."

मावशी भिंतीला टेकून ताठ उभी राहिली. गोळ्या हातात घेतल्या, अल्बेंडाझोल कडाकडा चावली, बाकीच्या पाण्याबरोबर गिळल्या आणि शाईच्या खुणेसाठी डाव्या हाताचं बोट पुढे केलं.

"आधी नाही का सांगाचं बाप्पा," ती आशाताईंना म्हणाली.